सेम्ब्रोनो म्हणजे नक्की कोण?

विग्न्यो गुरुजी रविवारी सकाळी साडेदहाला दारात आले, तेव्हा बायकोनं वाळत घातलेल्या भाताच्या पापड्यांचं सूप गल्लीत उपडं पडलेलं होतं आणि पापड्यांवरून मोटारसायकलचं चाक गेलेलं होतं. चाकाची नक्षी इतकी स्वच्छ उमटली होती की टायर कितपत झिजलाय तेही सांगता आलं असतं.

"कोणी केलं हे?" गुरुजींनी विचारलं. एकतीस वर्षं जावानीज भाषा शिकवलेला आवाज तो. निवृत्तीनंतर त्याला वर्ग उरला नव्हता, त्यामुळे तो आता गल्लीलाच लागू होई.

गल्लीत त्या वेळी तिघं होते. तुमीनेमबाई आपल्या दुकानाची फणसाच्या भाजीची पातेली घासत होत्या. गल्लीप्रमुख सुगेंग आपल्या लाँड्रीच्या खिडकीत इस्त्री करत होता. आणि गिमिन पेंटर कोणाच्या तरी ट्रकच्या फळीवर वाघ काढत होता. तिघांनी माना वर केल्या, पापड्यांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं, आणि तिघंही पुन्हा आपापल्या कामाला लागले. तुमीनेमबाईंनी तर घासून झालेलं पातेलं परत घासायला घेतलं.

"पाहिलंस? बोलायलासुद्धा लाज वाटतेय लोकांना," गुरुजी बायकोला म्हणाले. "हा निव्वळ सेम्ब्रोनोपणा आहे, अविचार आहे."

लास्मीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो. पुन्हा करीन."

"जाऊ द्या कसं? आज पापड्या गेल्या, उद्या पोर जाईल! कोण हा मूर्ख माणूस, ज्याला आपल्या चाकाखाली काय आहे याची शुद्ध नाही? मी पाटी लावणार आहे."

"लावा. 'हळू चालवा' लिहा आणि लावा."

"'हळू चालवा' ही सूचना झाली, लास्मी. सूचना बैलालाही देता येते. मला लोकांच्या मनाला हात घालायचाय. पाटीवर तोच शब्द पाहिजे. सेम्ब्रोनो."

योग्याकार्तातल्या त्यांच्या त्या गल्लीची रुंदी अशी की दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीनं मोठं मन करावं लागतं. अशा ठिकाणी पाटी लावणं ही काही वाईट कल्पना नव्हती. दुपारी रोजच्याप्रमाणे बुद्धिबळाचा पट घेऊन प्रावोतो घड्याळजी आला, तेव्हा त्यालाही ती पटली. प्रावोतो शेजारच्याच घरात राहायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी वेनिंग दोन वर्षांपूर्वी नोकरीला जकार्ताला गेली होती, आणि तेव्हापासून तीन ते पाच ही वेळ गुरुजींच्या ओसरीवर काढायची असा त्याचा नेम होता. दोघं एकाच शाळेत शिकले होते. सबंध गल्लीत गुरुजींना 'अरे विग्न्यो' म्हणणारा तो एकटा.

"लाव की," प्रावोतो घोडा पुढे सरकवत म्हणाला. "फक्त फार मोठी नको. तुझं कसं, पोस्टकार्ड लिहायला बसतोस आणि निबंध होतो."

गुरुजींनी त्या दिवशी डाव हरल्यावरही पाटीचा विषय सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सुगेंगकडे परवानगी मागायला गेले. सुगेंगनं इस्त्री बाजूला ठेवली, कागद वाचला: 'सेम्ब्रोनो लोकांनी या गल्लीत मोटारसायकल ढकलत न्यावी.' मग त्यानं तो पुन्हा वाचला. मग इस्त्री खरंच बंद केली आहे ना ते पाहून आला.

"गुरुजी, लिहिलंय फार सुंदर. पण असं आहे, हे सगळ्या गल्लीच्या वतीनं लागणार. तेव्हा बैठक घेतलेली बरी."

"तीन ओळींच्या पाटीला बैठक?"

"आपण बसू. चहा घेऊ. चर्चेतून काय काय उमगतं माणसाला," सुगेंग म्हणाला आणि 'माणसाला' म्हणताना छताकडे पाहू लागला.

शनिवारी दुपारी सुगेंगच्या ओसरीवर चटया अंथरल्या गेल्या. गोड चहा, उकडलेल्या शेंगा, तळलेलं सोयाबीनचं तेम्पे. गल्लीतली निम्मी घरं आली. गुरुजींनी विषय मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना वाटलं, झालं काम. पण त्या माना डोलावून थांबल्या आणि मग हळूहळू प्रश्न यायला लागले.

"शब्द जरा कडक नाही का वाटत?" तुमीनेमबाईंनी सुरुवात केली. "म्हणजे बघा, कधी कधी एखाद्याच्या हँडलला काहीबाही लटकत असतं. त्या बिचाऱ्याला बाजूचं दिसत नाही. त्याला लगेच सेम्ब्रोनो म्हणायचं?"

"हँडलला लटकत असो नाही तर डोक्यावर असो," गुरुजी म्हणाले, "अविचार तो अविचार."

"आणि समजा," सुगेंग चहा ढवळत म्हणाला, "माणूस वयानं मोठा आहे. चांगला आहे. शिकलेला आहे."

"मग तर त्याला दुप्पट लाज वाटली पाहिजे!"

सगळ्यांनी एकदम शेंगांच्या ताटलीत हात घातले.

"मला एक कळत नाही, गुरुजी," गिमिन पेंटर कोपऱ्यातून म्हणाला. हा बोटांना कायम रंग लागलेला, सरळ चेहऱ्याचा माणूस. "जो सेम्ब्रोनो असतो, त्याला आपण सेम्ब्रोनो आहोत हे ठाऊक असतं का? नसेल, तर तो पाटी वाचेल, म्हणेल, ही दुसऱ्यासाठी आहे, आणि भरधाव निघून जाईल."

हा प्रश्न गुरुजींना मनापासून आवडला. इतका चांगला प्रश्न त्यांना शाळेत कोणी विचारला नव्हता. ते उठून उभे राहिले. "म्हणूनच पाटीवर शब्दाचा अर्थ द्यायला हवा! हा शब्द नुसता निष्काळजी नव्हे. निष्काळजी माणसाला काळजी नसते. सेम्ब्रोनोला काळजी असते, पण ती ऐन वेळी घरी राहिलेली असते. तो वाईट नसतो. आपण काय करतोय, काय बोलतोय, त्यानं दुसऱ्याचं काय होईल, एवढाच विचार तो करत नाही."

"वाक्यात वापरून दाखवा ना," सुगेंग म्हणाला. त्याची अजून आशा होती की उदाहरण शोधता शोधता गुरुजी स्वतःपर्यंत येतील.

पण गुरुजींची नजर समोर बसलेल्या प्रावोतोवर पडली आणि उदाहरण आपसूक जिभेवर आलं. उदाहरण जिवंत असावं, वर्गातलं असावं, हे त्यांचं जुनं तत्त्व. "आता आमचा प्रावोतो बघा. सबंध शहराची घड्याळं लावतो. पण मुलीला नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी जकार्ताच्या गाडीत बसवून द्यायचं होतं, तर हा तिला घेऊन गेला भलत्याच स्टेशनावर! गाडी इकडून सुटतेय, हा तिकडे फलाटावर पोरीची ट्रंक घेऊन उभा. याला म्हणायचं सेम्ब्रोनो!"

ओसरी हसली. बरेच दिवसांत इतकं हसली नव्हती. प्रावोतोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग त्यानं कप उचलला, बशीत अगदी मधोमध ठेवला, आणि नळ उघडा राहिलाय म्हणून उठून गेला.

ठराव झाला: शब्द राहावा, खाली अर्थ द्यावा. पण अर्थ आल्यामुळे पाटी एक हात लांब झाली, आणि एक हात लांब झाल्यामुळे ती गल्लीच्या अखत्यारीतून निसटून वॉर्ड कचेरीच्या अखत्यारीत गेली.

वॉर्ड कचेरीत खिडकीपलीकडे निंग्रुम नावाची बाई बसली होती. तिनं गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि ती त्यांची विद्यार्थिनी निघाली. गुरुजींना बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"गुरुजी, तुम्ही मला दहापैकी चार दिले होते," ती प्रेमानं म्हणाली. "अर्जात 'विनंती' दोनदा आलीय. एक काढू का?"

गुरुजींनी मान हलवली.

"पाटीची भाषा कोणती लिहू? राष्ट्रभाषेला हिरवा अर्ज, प्रादेशिक भाषेला पिवळा."

"शब्द आमच्या जावानीजमधला आहे. राष्ट्रभाषेतही तो चालतो."

"म्हणजे दोन्ही अर्ज," निंग्रुम म्हणाली. "आणि अर्थ? कारण आमची आजी थट्टेखोर माणसालाही सेम्ब्रोनो म्हणायची. तुम्ही थट्टेवर बंदी घालताय असा कोणी अर्थ काढला तर तक्रार इथे येते. तुम्ही एक पत्र द्या, की पाटीचा रोख कोणत्याही विशिष्ट व्यक्तीवर नाही."

"नाहीच आहे!"

"असं लिहा. सहीनिशी."

तर गुरुजींनी लिहून दिलं. त्यावर सुगेंगची सही लागली. सुगेंगच्या सहीवर गल्लीसमूहाच्या प्रमुखाची सही लागली, तो लग्नाला परगावी गेला होता. तो आल्यावर निंग्रुम आठवडाभर प्रशिक्षणाला गेली, आणि तिच्या जागी बसलेल्या माणसानं पिवळा अर्ज हिरव्या फायलीत लावला. या सगळ्यात सव्वादोन महिने गेले. रोज कचेरीतून परतताना गुरुजींचा शर्ट घामानं आणि मान अपमानानं ओली झालेली असे. ज्या खिडक्यांमागे बसणाऱ्यांना आपण व्याकरण शिकवलं, त्या खिडक्यांपुढे आपण वाकून उभे, ही गोष्ट ते बायकोला दर वेळी नव्यानं सांगत. लास्मीबाई दर वेळी म्हणत, "अजूनही सोडून द्या हो." आणि पापड्यांची सुपं त्यांनी मुकाट्यानं पत्र्यावर वाळत घालायला सुरुवात केली होती.

या धावपळीत एक गोष्ट गुरुजींच्या लक्षात आली नाही. प्रावोतो दुपारचा येईनासा झाला होता.

शेवटी परवानगी आली आणि पाटी गिमिनकडे गेली. गिमिनचं म्हणणं पडलं की नुसती अक्षरं कोणी वाचत नाही, चित्र पाहिजे. गुरुजी थकले होते, हो म्हणाले. पाटी तयार झाल्यावर पाहायला गेले, तर अक्षरं सुरेख होती. सेम्ब्रोनो. खाली अर्थ: 'आपल्या वागण्यानं दुसऱ्याचं काय होईल याचा विचार न करणारा.' त्याखाली ढकलत नेण्याची विनंती. आणि बाजूला मोटारसायकलवर बसलेला एक मिशाळ माणूस, नजर थेट आकाशात, हँडलला काही तरी गोल लटकवलेलं.

"हे कलिंगड कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"शोभेला, गुरुजी," गिमिन म्हणाला.

पाटी लागली त्या दिवशी तुमीनेमबाईंनी हळदीच्या भाताची रास केली. सगळी गल्ली जमली. लोक पाटीजवळ जात, चित्र पाहत, आणि तोंडावर हात धरून लगबगीनं भाताकडे वळत. "हुबेहूब आहे हो," कोणी तरी म्हणालं. गुरुजींनी चित्राकडे पुन्हा पाहिलं, मिशा पाहिल्या. प्रावोतो! हा तर प्रावोतोच! तेवढ्यात प्रावोतो समोर आला, किंचित झुकला आणि म्हणाला, "अभिनंदन, गुरुजी. आपण फार उत्तम काम केलंत."

गुरुजी. आपण. केलंत.

ज्या माणसानं पन्नास वर्षं 'अरे विग्न्यो' किंवा 'अरे गधड्या' याशिवाय हाक मारली नव्हती, तो जावयाच्या आजोबांशी बोलावं तसा बोलत होता. आमच्याकडे शिवी दिली तर संध्याकाळपर्यंत भांडण मिटतं. पण माणूस एकदा आदरानं बोलायला लागला की गोष्ट फार खोल गेली असं समजावं. गुरुजींनी आयुष्यभर या आदरार्थी रूपांवर गुण दिले होते. ती कोणी आपल्यावर इतकी बिनचूक वापरील असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते स्वतःच पट घेऊन प्रावोतोकडे गेले.

"यावं, यावं," प्रावोतोनं खुर्ची पुसली. "चहा घेणार ना आपण?"

"प्रावोतो, ऐक. ते चित्र तुझं नाही. गिमिननं काय काढलं मला माहीत नव्हतं. मी ते पुसायला लावतो."

"आपण उगीच मनाला लावून घेता. ते चित्र माझं नाही हे मला माहीत आहे."

"मिशा तर..."

"माझ्या मिशा अशा खाली उतरत नाहीत. आणि मी मोटारसायकलला पिंजरा टांगून कधी गेलो नाही. मला पक्ष्यांचा शौक नाही."

"कसला पिंजरा?"

 प्रावोतो भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाचं पोट उघडून बसला.

गुरुजी गल्लीच्या तोंडाशी गेले. पाटीपुढे उभे राहिले. माणूस दिवसातून दोनदा आरशात पाहतो, पण ते भांग पाडायला. आपल्या मिशा दुसऱ्याला कशा दिसतात हे पाहायचा प्रसंग येत नाही. त्या उतरत्या मिशा त्यांच्या होत्या. चित्रातल्या हेल्मेटवर चिकटवलेला कागद त्यांच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा होता. आणि कलिंगडाला जवळून पाहिलं तर बारीक उभ्या काड्या होत्या, आणि आत एक होला बसला होता. त्या रविवारी पक्ष्यांच्या बाजारातून त्यांनी आणलेला.

ते घरी आले तेव्हा लास्मीबाई पीठ मळत होत्या.

"लास्मी. त्या रविवारी पापड्यांवरून कोण गेलं?"

लास्मीबाईंनी हात धुतले, टॉवेलचं टोक घेऊन सावकाश पुसले. "तुमच्या पिंजऱ्यानं सूप पडलं. मग मागचं चाक गेलं. मी खिडकीत होते."

"मला आवाज कसा आला नाही?"

"आला ना. आत येऊन तुम्ही म्हणालात, चेन कुरकुरतेय, तेल घालायला हवं."

गुरुजी भिंतीला टेकले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच दारात आले होते. पण तुम्ही सुरुवातच केलीत 'कोण हा मूर्ख माणूस' इथून. म्हटलं, राग उतरू दे. तो उतरायच्या आत तुम्ही अर्ज लिहायला बसलात."

"आणि गल्लीला?"

"सगळ्यांनी पाहिलं होतं."

"मग त्यांनी तरी सांगायचं!"

"सांगत तर होते हो बिचारे. बैठकीत तीन तास दुसरं काय चाललं होतं?"

गुरुजींना बैठक आठवली. हँडलला लटकलेलं काहीबाही, वयानं मोठा माणूस, शिकलेला माणूस. त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे प्रावोतोला माझ्या या मूर्खपणाचा राग आलाय."

"पापड्या माझ्या होत्या, त्यांच्या नव्हेत," लास्मीबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या हसू दाबत होत्या. आता ते गेलं होतं. "ती स्टेशनाची गोष्ट गल्लीत कोणाला माहीत होती?"

"सगळ्यांना... " गुरुजी थांबले. "मला."

"दोन वर्षांत मलासुद्धा नव्हती. त्यांनी तुम्हाला एकट्याला सांगितली असणार. वेनिंग गेल्यावर ते महिनाभर जेवत नव्हते नीट, आठवतंय ना? आणि तुम्ही ती शेंगांबरोबर वाटलीत."

गुरुजींच्या त्या दिवशीच्या स्थितीचं वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. ते जेवले नाहीत. होल्याला दाणे घालायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वॉर्ड कचेरीत गेले आणि निंग्रुमला म्हणाले, पाटी काढायची आहे. तिनं फाइल पाहिली. परवानगी दोन वर्षांची होती. त्याआधी काढायची तर गल्लीचा नवा ठराव, आणि ज्या व्यक्तीवर पाटीचा रोख आहे तिची लेखी तक्रार लागत होती.

"पण तुम्हीच लिहून दिलंय की रोख कोणावर नाही," ती हळूच म्हणाली. "आता तुम्ही तक्रार कशी करणार, गुरुजी?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. तेव्हापासून गुरुजी आपली मोटारसायकल आपल्याच चित्राखालून ढकलत नेऊ लागले. लोक फार अदबीनं बाजूला होत.

प्रावोतोची माफी मागायला ते दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी अत्यंत शुद्ध, उच्च जावानीजमध्ये भाषण तयार केलं होतं. प्रावोतोनं ते हात जोडून ऐकलं आणि तितक्याच शुद्ध भाषेत उत्तर दिलं की आपली काहीही चूक नाही, उलट माझंच काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. यावर पुढे काही बोलण्याची सोय नसते. दुसऱ्यांदा ते केळफुलाची भाजी घेऊन गेले. प्रावोतोनं डबा घासून, आत सहा संत्री घालून, तासाभरात परत पाठवला.

तेव्हा गुरुजींनी ठरवलं की जे चारचौघांत मोडलं ते चारचौघांतच जोडायचं. पुढच्या मासिक बैठकीत ते आपणहून उभे राहिले. या वेळी बैठकीला झाडून सगळी घरं आली होती. मागच्या वेळी न आलेली आली होती, आणि गल्लीच्या टोकाला नवीन राहायला आलेलं एक तरुण जोडपंही होतं. प्रावोतो खांबाला टेकून, दाराजवळ बसला होता.

"मला सगळ्यांसमोर एक सांगायचंय," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर्गातला नव्हता. "पापड्यांवरून गेलो तो मी. पाटीवर आहे तोही मी."

ओसरीवर सगळीकडून "छे छे", "असं कसं", "काय बोलता गुरुजी" असे आश्चर्याचे उद्गार निघाले. सगळ्यात जोरात गिमिनचे.

"पण ती चूक लहान. मोठी चूक मी इथेच, या चटईवर केली." लास्मीबाई समाधानानं मान हलवत होत्या. इथपर्यंत सगळं घरी घोकून घेतल्याप्रमाणे चाललं होतं. इथे 'मी माझ्या मित्राचं मन दुखावलं' एवढंच म्हणून खाली बसायचं ठरलं होतं. पण एकतीस वर्षांची सवय अर्धवट वाक्य सोडू देईना. "मी माझ्या मित्राचं मन दुखावलं. त्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट, की त्यानं वेनिंगला भलत्याच स्टेशनावर नेलं आणि तिची गाडी चुकली, ती मी सगळ्यांना सांगून टाकली."

लास्मीबाईंनी डोक्याला हात लावला. मागच्या वेळी न आलेली सगळी घरं पुढे सरकून बसली.

"कुठल्या स्टेशनावर नेलं?" नवीन आलेल्या मुलीनं नवऱ्याला हळूच विचारलं.

आणि वर्गात कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं असतं. "लेम्पुयांगनला," गुरुजी म्हणाले. "जायचं होतं तुगूला."

 सुगेंगचा हात तेम्प्याच्या ताटलीवर तसाच राहिला. आपण काय केलं हे गुरुजींना कळत गेलं ते सगळ्यांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. आधी कान लाल झाले, मग मिशा थरथरल्या. त्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"नको!" दाराजवळून प्रावोतो ओरडला. "अरे गधड्या, खाली बस! आणखी काही बोललास तर गाडीचा नंबरसुद्धा सांगशील!"

आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग तो खांब सोडून चटईवर आडवा झाला. "माफी मागतोय! याला म्हणतात माफी! एवढ्या महिन्यांत लोक विसरायला लागले होते रे!" ओसरीनं त्याच्या तोंडाकडे पाहून अंदाज घेतला, आणि मग तीही हसत कोसळली. तुमीनेमबाईंना ठसका लागला. गुरुजी मधोमध उभेच होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'गधड्या' हा शब्द मानपत्रासारखा वाटला.

बैठकीनंतर उन्हं कलताना दोघं घराकडे निघाले. लास्मीबाई पुढे निघून गेल्या. प्रावोतो अजून मधूनच खुसखुसत होता.

"मी उद्या पुन्हा एकदा नीट..." गुरुजींनी सुरुवात केली.

"एवढी मेहेरबानी कर, विग्न्यो. पुन्हा कधी माझी माफी मागू नकोस. झेपत नाही मला."

ते थोडं चालले. प्रावोतोच्या दाराशी आल्यावर तो थांबला, किल्ली हातात घेऊन उभा राहिला, पण कुलूप उघडलं नाही.

"स्टेशन चुकलो नव्हतो मी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"घड्याळजी आहे मी. गाडी कुठून सुटते, किती वाजता सुटते, सगळं ठाऊक होतं. रिक्षावाल्याला मुद्दाम लेम्पुयांगन म्हणालो. वाटलं, आणखी एक दिवस राहील घरी. एकच दिवस. राहिली. रात्री तिनं माझ्यासाठी भाताबरोबर अंडं तळलं, आणि सारखी म्हणत होती, बाबा, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, चूक कोणाचीही होते. दुसऱ्या दिवशी तिला साहेबाची बोलणी खावी लागली. तिला अजून माहीत नाही." त्यानं किल्लीकडे पाहिलं. "तू चारचौघांत मला सेम्ब्रोनो म्हणालास ना, त्याचा राग नव्हता रे आला. ते खरं होतं म्हणून झोंबलं."

गुरुजींच्या मनात एकदम पुष्कळ आलं. हेतू असला तर तो सेम्ब्रोनो ठरतच नाही, हे आलं. प्रेमापोटी केलेल्या अविचाराला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे का, हेही आलं. अर्थाची एक अख्खी नवी ओळ त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत येऊन उभी राहिली. प्रावोतो त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

गुरुजींनी तोंड मिटलं. मित्राच्या हातातली किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आणि आधी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.